तारीणबायची पाठ

“हात लावू नको रे!” मी एवढ्यानं ओरडलो की समोरचा चहावाला किटली हातात घेऊन बाहेर आला.

जयवंत कुबलच्या हातातला पेचकस तसाच अधांतरी राहिला. बोटीच्या इंजिनाचा माणूस तो. मी चष्मा पुसतोय तेवढ्यात देवीच्या चांदीच्या टाकात बसवलेलं सोन्याचं नाणं पेचकसानं उचकटायला निघाला होता.

“मगे कसा काढूचा?” तो म्हणाला.

“मी काढतलंय. तुझो पेचकस बोटीत ठेव. सोन्याक असा भोसकतत?”

त्याची आत्या आवडाबाय शेजारी पाटावर बसली होती. तिनं मान वर केली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण समोरच्याच्या आवाजावरून त्याच्या पोटातलं ओळखणारी बाई. उभं आयुष्य देवबागच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारण्यात गेलेलं.

“तू काढतलंस?” तिनं विचारलं. “बघ हां श्रीपादशेट. आमच्यात जो देवीक आसनावरसून उठयता, त्याच्याच हातान ती दर्यात जाता. उठवलंस तर सोडूक पण तुकाच येवचा लागतला.”

“येतंय गो, येतंय,” मी म्हणालो. माझं तिच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. मला ते नाणं दिसत होतं, बस्स.

मालवणच्या बाजारात आमचं सोनाराचं दुकान तीन पिढ्यांचं. लोक मोडीला काय काय आणतात. माझ्या तरुणपणी एका खलाशाच्या बायकोनं अमेरिकेचं जुनं सोन्याचं नाणं आटवायला आणलं. मला ते आटवेना. मी तिला तेवढ्याच वजनाचं सोनं दिलं आणि नाणं ठेवून घेतलं. झालं, तिथून वेड लागलं. पुढे काही नाणी अशीच खलाशांच्या घरांतून आली, काही मुंबईच्या एका दलालाकडून, दोन परदेशी पत्रव्यवहार करून. सगळी पाच डॉलरची, सगळी सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतली, सगळी गेल्याच्या गेल्या शतकातली. निळ्या मखमलीच्या तबकडीतल्या खणांत नऊ नाणी होती. दहावा खण, ओळीतला सगळ्यात पहिला, रिकामा होता. तो अठराशे चोपन्नचा. त्या साली ती टांकसाळ सुरू झाली आणि पाच डॉलरची नाणी तीनशेसुद्धा पाडली नाहीत. तेव्हा साऱ्या जगात त्यातली तीन माहीत होती. म्हणजे माझा खण रिकामाच राहणार हे मला ठाऊक होतं. तरी मी तो ठेवला होता. माझी बायको कुमुद त्या तबकडीला ‘सवतींचं वसतिगृह’ म्हणायची.

आता कुबलांच्या देवीचं सांगतो. आवडाबायच्या पणज्याचा बाप परदेशी गलबतावर खलाशी होता. कुठल्याशा सोन्याच्या मुलखातून परतताना गलबत फुटलं. बाकी सगळे गेले. हा एकटा फळीला धरून किनाऱ्याला लागला तो तोंडात हे नाणं घेऊन. हात फळीला गुंतलेले, मग ठेवणार कुठे? वाळूवर पडल्यावर त्यानं ते तोंडातून काढलं तर त्यावर एका बाईचं तोंड, कपाळावर मुकुट. तो म्हणाला, हिनंच मला तारलं. सोनाराकडून चांदीचा टाक करून घेतला, मध्ये लाख भरून त्यात नाणं बसवलं, कडेनं चांदीचं रुंद कोंदण. तेव्हापासून ती तारीणबाय. पूजा घरातल्या थोरल्या लेकीकडे. रोज सकाळी उजव्या अंगठ्यानं तोंडावर गंध लावायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, पौर्णिमेला चिंचेनं घासायचं. एकामागून एक चार लेकींचे अंगठे फिरले. आवडाबायनं तर देवीपायी लग्नच केलं नाही.

आणि देवी झिजली. डोळे गेले, नाक गेलं, मुकुट गेला. सोनं तुळतुळीत झालं. त्यांच्या रिवाजाप्रमाणं देवीचं तोंड पुसलं गेलं की तिची सेवा संपली. मग तिला समुद्रात सोडायचं आणि तशीच नवी घडवून बसवायची. त्यासाठी ती दोघं माझ्याकडे आली होती.

“तशीच म्हणजे कशी?” मी विचारलं.

“ताच तर,” आवडाबाय म्हणाली. “माझ्या आत्येनसुद्धा हिचा तोंड बघूक नाय. मी पूजा घेतलंय तेव्हाच फक्त गाल शिल्लक होते. तू सोनार, तुका काय तरी गमतला असा वाटला.”

मला गमलं होतंच. आकार, सोन्याचा तांबूस रंग, झिजूनही उरलेला केसांचा अंबाडा. ते नाणं कुठल्या जातीचं आहे हे मला दारातूनच कळलं होतं. मी आतून तबकडी आणली आणि तिच्यापुढे ठेवली.

“ह्या बघ. तुझ्या देवीचा तोंड असा होता.”

“माका खय दिसता?” असं म्हणत तिनं सरळ हात पुढे केला आणि उजवा अंगठा माझ्या अठराशे पंचावन्नच्या नाण्यावर टेकवला. माझ्या अंगावर काटा आला. मी ती नाणी काठाला धरून उचलायचो, तीसुद्धा हात धुऊन. कुमुदला फुंकर मारायची परवानगी नव्हती. आणि ही बाई मासळीच्या बाजारात मळलेला अंगठा खुशाल फिरवत होती. मी ओरडणार तेवढ्यात तिचा चेहरा पाहिला आणि तबकडी तिच्याकडे आणखी सरकवली.

“नाक!” ती म्हणाली. आवाज एकदम पोरीसारखा झाला होता. “जयवंता, हिका नाक आसा रे! ह्या कपाळ. ह्यो मुकुट. अगो बाय माझे… अशी होतंस तू?”

जयवंतही वाकून बघायला लागला. त्यानं तोंडानं नुसता ‘च्च’ केलं. मग आवडाबायचा अंगठा पुढच्या खणात गेला, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक वेळी ती थांबायची. नऊच्या नऊ झाल्यावर तिनं दोन्ही हात जोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “शिरा पडो तुझ्या तोंडार! एवढ्यो देवी कपाटात कोंडून ठेवलंस? एक फूल नाय, दिवो नाय?”

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. नवल म्हणजे मी थोडा शरमलो.

मग उठवायची वेळ आली. जयवंतनं गाऱ्हाणं घातलं, “बा तारीणबाय म्हाराजा, आज तुझी आसनावरची सेवा पुरी झाली, काय चुकला-माकला आसात ता लेकरांचा म्हणान पोटात घाल म्हाराजा!” आवडाबाय म्हणाली, “व्हय म्हाराजा!” आणि दोघंही उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“ह्या काय?” मी विचारलं.

“देवीची पाठ घरच्यांनी बघूची नसता. जयवंत पण डोळे मिटानच काढतलो होतो. तू कर तुझा काम.”

मी शेगडी मंद केली, टाक दुरून शेकला. लाख मऊ पडायला लागली तसं कोरणीच्या टोकानं चांदीचं कोंदण हळूहळू उलगडत गेलो. कोंदण रुंद होतं. नाण्याचा खालचा काठ त्यानं पार झाकला होता, त्यामुळे तेवढ्या पट्टीला कुणाचा अंगठा कधी लागलाच नव्हता. चांदी बाजूला झाली आणि गळ्याखाली साल दिसलं. भिंग लावलं. एक. आठ. पाच. चार.

तेच आकडे पुन्हा वाचले. पण मी स्वतःला म्हटलं, शहाण्या, त्या साली चार इतर टांकसाळींनीही हेच नाणं पाडलंय. कुठल्या टांकसाळीचं ते पाठीवर, गरुडाच्या खाली कळतं. आणि पाठ अजून लाखेत होती.

चिमट्यानं काठाला धरून मी नाणं उचललं. लाखेनं जरा धरून ठेवलं आणि मग सोडलं. मी ते उलटं केलं.

मी कितीतरी नाणी पाहिली आहेत. पण असं पाहिलं नव्हतं. एक बाजू नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत, आणि दुसरी आज सकाळी टांकसाळीतून पडली असावी अशी. गरुडाचं पीस न् पीस उठून दिसत होतं. पंखांच्या रेघा, नख्यांतली फांदी, छातीवरची ढाल, सोन्यावरची ती पहिली कोवळी झळाळी, जी एका हातातून दुसऱ्या हातात गेली की जाते. गलबत फुटायच्या आधी तिला कुणी खर्चलं नव्हतं, नंतर कुणी पाहिलं नव्हतं. दीडशे वर्षांच्या आसपास ती पाठ अंधारात होती. आणि गरुडाच्या खाली, जिथं मी आयुष्यभर कॅटलॉगमधल्या चित्रात बघत आलो होतो तिथं, ते इंग्रजी एस अक्षर होतं.

चिमटा खाली ठेवला आणि नाणं तळहातावर घेतलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, लाज सोडून सांगतो.

“झाला काय रे?” भिंतीकडून आवडाबायनं विचारलं.

मी बाहीनं डोळे पुसले.

“शेटानू, पाय दुखाक लागले,” जयवंत म्हणाला.

“आवडाबाय,” मी म्हणालो, “आयकतंस? असा नाणा साऱ्या जगात तीनच ठाऊक हत. तीन! ह्या चवथा. मोठमोठे लोक हेच्यासाठी जीव टाकतत. तोंड झिजला तरी हेची किंमत अशी येतली की जयवंताक एक सोडून दहा ट्रॉलर येतले. माका फसवचा नाय, म्हणान सांगतंय.”

“आवशीचो घो!” जयवंत गर्रकन वळला.

“भिंतीकडे बघ!” आवडाबाय कडाडली. तो परत भिंतीकडे वळला. “आत्ये, पण इंजिन कधीपासून बसलाहा,” तो पुटपुटला.

“ता काय तिणा बसयल्यान? तू तेल घातलंस नाय.”

मी नाणं फडक्यात गुंडाळलं तेव्हा दोघं माझ्याकडे वळली. मग मी सोनारपण, मोठेपण, सगळं गुंडाळून ठेवलं आणि त्या बाईचे पाय धरायचेच बाकी ठेवले. “माझ्यो नवच्या नव देवी घे. वर सोना देतंय. ही माका दी. नायतर हिका मोठ्या संग्रहालयात देवया, काचेत रवात, लोक बघतले. पण दर्यात नको गो. दर्यात गेली की संपली.”

आवडाबाय रागावली नाही. समजूत काढायच्या आवाजात म्हणाली, “ती काय सरकारी नोकर आसा, बदली करूक? तुझ्या जगाक तीन ठाऊक आसतत रे. आमका एकच ठाऊक आसा. तिणा आमका पोसल्यान, आता दमली. दमलेल्या माणसाक परत कामाक लावतत?”



तिनं पुन्हा तबकडीवर अंगठा फिरवला आणि पंचावन्नचं नाणं धरून ठेवलं. “नवी घडवू नको. ही दी. हिका घर होया.” हातातली पाटली उतरवून तिनं माझ्या तराजूत टाकली. “आणि उद्या सकाळी दोघींक घेवन ये. जुनी नव्येक भेटूक होयी, मगे जातली. सोडूचा तुका आसा, इसारलंस नाय मा?”

तेव्हा मला माझं ‘येतंय गो, येतंय’ आठवलं. डोकं धरून बसलो.

रात्री जेवण गेलं नाही. कुमुद कोल्हापूरची, स्पष्ट बोलणारी. तिनं सगळं ऐकून घेतलं. “मग? उद्या तापाचं सोंग घेणार का?”

“मी नाही गेलो तर जयवंत सोडेल. दर्यात ती जाणारच.”

“आणि गेलात तर दोन्ही तुमच्याच मुठीत असणार,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “म्हातारीला दिसत नाही.” जरा वेळानं तिनंच ताट उचललं. “मी काही सांगत नाही हो. मला नुसतं बघायचंय, सकाळी गेलेला माणूसच परत येतो का.”

सकाळी आम्ही देवबागच्या टोकाला होडीत बसलो. कर्ली नदी जिथं समुद्राला मिळते तिथं जायचं होतं. जयवंत वल्हवत होता. आवडाबाय नवं लुगडं नेसून मध्ये बसली होती, मांडीवर फुलांची परडी. मी समोर. डाव्या मुठीत पंचावन्नची, उजव्या मुठीत चोपन्नची. मुठी दोन्ही घामेजल्या होत्या. वजन जवळपास सारखंच, आकार सारखाच. मुठी बदलायला किती वेळ लागतो? जयवंतची पाठ माझ्याकडे होती, आवडाबायला दिसत नव्हतं. बरं, पंचावन्नची दर्यात गेली असती तर जुनीलाच परत देव्हाऱ्यात बसवून ‘गेली नाय गो, परत इली’ असंही सांगता आलं असतं, निदान ती बुडाली तरी नसती. काय काय सुचत होतं, देवा! आयुष्यात इतकं भराभर माझं डोकं कधी चाललं नव्हतं.

संगमावर पाणी दोन रंगांचं झालं तिथं जयवंतनं वल्ही आत घेतली. आवडाबायनं माझे दोन्ही हात जवळ ओढले, उघडले, दोन्ही नाणी एकमेकींना टेकवली. काहीतरी पुटपुटली. मग जुनीच्या तोंडावर अंगठा फिरवला. तिला दिसत नव्हतं म्हणे! त्या अंगठ्याला जुनी कुठली, नवी कुठली हे सांगावं लागलं नाही.

“शेटा,” ती हळूच म्हणाली, “एक इचारतंय. पाठ कशी आसा रे तिची?”

“तुमका बघूची नाय मा?”

“बघूची नाय. हात लावूचो नाय असा कोण म्हणाला?”

मी नाणं तळहातावर उलटं केलं. तिचा अंगठा त्या पाठीवर आला आणि थबकला. सत्तर वर्षं त्याला गुळगुळीत सोन्याची सवय. तो मागे गेला, परत आला, अगदी हळू फिरायला लागला.

“ह्या काय? खरखरीत लागता.”

“गरूड आसा. मोठा पाखरू. पंख पसरलेला.”

“पंख?”

“व्हय. ह्यो एक. आणि ह्यो दुसरो.” मी तिचा अंगठा धरून दोन्ही टोकांना नेला.

तिचा अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहिला. होडी नुसती डुलत होती. मग तिनं आकाशाकडे तोंड केलं आणि लिलावात पुकारावं तशी ओरडली, “जयवंता! अरे, तिच्या पाठीक पंख हत! आमच्या तारीणबायक पंख हत!” तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. “म्हणान तो वाचलो! एवढो दर्या, एक माणूस पवान येता काय? पवान नाय इलो रे, हिणा उडवन हाडल्यान!”

जयवंतनं तोंड फिरवून डोळे पुसले. मी हे नाणं कॅटलॉगमध्ये शेकडो वेळा पाहिलं होतं. बाई पुढे आणि पक्षी मागे. ते दोघं एकच आहेत हे मला कधी दिसलं नव्हतं.

आवडाबायचा आवाज एकदम खाली आला. “आणि आमी काय केलंव गो? तुझे पंख लाखेत चिकटवन ठेवलंव. एवढी वर्षां.” तिनं माझी मूठ दोन्ही हातांत धरली. “सोड रे शेटा. उडू दे तिका.”

जयवंतनं गाऱ्हाण्याला आवाज लावला. मी हात पाण्यावर नेला आणि बोटं उघडली.

पाणी स्वच्छ होतं. ती सरळ बुडाली नाही. डुलत, उलटत खाली गेली. तोंड वर आलं की विझायची, पाठ वर आली की चमकायची. विझली, चमकली. विझली, चमकली. शेवटची चमक खूप खोल दिसली. त्यानंतर मी पाण्याकडे बघतच राहिलो तेव्हा जयवंतनंच वल्ही मारायला सुरुवात केली.

“व्हय म्हाराजा,” आवडाबाय म्हणाली.

घरी आलो तेव्हा कुमुद दारातच होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “हात धुवा, पानं वाढते.” त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

नव्या देवीचा टाक मीच केला. आवडाबायनं बजावलं होतं, “लाख घालू नको.” म्हणून फक्त काठाला धरणारं कोंदण केलं, पाठ मोकळी ठेवली. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. आवडाबाय गेली, त्यालाही वीस झाली असतील. माझ्या तबकडीत आता दोन खण रिकामे आहेत. हौशी लोक अजून येतात, पहिल्या खणाकडे बोट दाखवून म्हणतात, “चोपन्नचं ना? छे, ते कुणाला मिळणार!” मी मान हलवतो. सांगितलं तरी कोण विश्वास ठेवणार?

दर वर्षी त्या दिवशी मी देवबागला जातो. पूजा आता जयवंतच्या थोरल्या मुलीकडे, सुगंधाकडे आहे. वर्षातून एकदा ती डोळे मिटून देवीला फिरवते आणि चाचपून पंखांनाही फूल वाहते. यंदा मी खिशातून भिंग काढलं आणि देव्हाऱ्यापुढे वाकून पाहिलं. मुकुटावरच्या अक्षरांतलं पहिलं अक्षर पुसट झालंय. नाकाचा शेंडा किंचित बसलाय.

पूर्वी कुणी माझ्या नाण्याचं असं केलं असतं तर मी त्याचा गळा धरला असता. यंदा मला एवढा आनंद झाला की मी तिथंच फतकल मारून बसलो.

“काय झाला, शेटानू?” सुगंधानं विचारलं.

“झिजाक लागली गो,” मी म्हणालो.

तिनं गंधाची वाटी माझ्यापुढे केली. मी उजवा अंगठा बुडवला आणि जपून, अगदी जपून, देवीच्या कपाळाला टेकवला.

“जोरान लावा,” ती हसून म्हणाली. “मोडणा नाय ती.”